उजव्या पायाचं माप

मुलं मला सायकलताई म्हणतात. माझ्या खोलीत एक सायकल आहे, ती कुठेही जात नाही. तिच्यावर मुलाला बसवायचं, नाकातोंडावर मास्क बांधायचा, छातीला तारा चिकटवायच्या आणि दर मिनिटाला पॅडल थोडं थोडं जड करत न्यायचं. मूल पार थकून थांबेपर्यंत. मग मशीन सांगतं, की हे शरीर जोर लावताना मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं. अहवालात त्याला लांबलचक नाव आहे. पालकांना मी 'दमसास' म्हणून सांगते, म्हणजे पुढचे चार प्रश्न वाचतात.

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं संधिवाताची. मुलांना संधिवात होतो म्हटलं की लोक अजूनही 'काहीतरीच काय' म्हणतात. होतो. दोन वर्षांच्या बाळालाही होतो. सांधे दुखतात म्हणून मूल बसून राहतं, बसून राहिलं की दमसास जातो, आणि मग सांधे बरे झाले तरी मूल चार पायऱ्यांत धापा टाकतं. नेमका किती गेलाय ते मोजायला मी आहे.

अकरा वर्षं मी हे करते. ओरडणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. 'शाबास, थांबायचं नाही, अजून अर्धं मिनिट' असं मूल थांबेस्तोवर ओरडायचं, कारण कोणी ओरडलं नाही तर मूल लवकर थांबतं आणि आकडा खोटा येतो. पहिली एक-दोन वर्षं मुलं रडली की माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. मग ते यायचं बंद झालं. कधी बंद झालं ते आठवत नाही. राग तेवढा येतो. प्रिंटरचा येतो, खुर्ची घासत ओढणाऱ्यांचा येतो, 'किती वेळ लागेल हो' विचारणाऱ्यांचा येतो. बाकी आत फारसं काही हलत नाही. बहीण म्हणते, जेवताना तू भिंतीकडे बघत बसतेस. बसत असेन.

माझ्या फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन आहेत. 'प्रयत्न पुरेसा' आणि 'प्रयत्न अपुरा'. हृदयाचे ठोके एकशे ऐंशीच्या वर गेले आणि श्वासाचे आकडे ठरलेली रेघ ओलांडून गेले, तर पुरेसा. नाही गेले, तर मुलानं जोर लावला नाही असं समजायचं. खूण करायला दोन सेकंद लागतात.

त्या दिवशी माझ्या खोलीची उजवी भिंत रंगवायला काढली होती. महिनाभर आधी सांगायचं सौजन्य कोणाला असतं? सकाळी आले तर कपाट मधोमध ढकललेलं, स्क्रीन उचलून डाव्या बाजूला टेकवलेला, सगळीकडे रंगाचा वास. मी रंगाऱ्याला दोन शब्द ऐकवले. तो म्हणाला, "ताई, मला जे सांगितलं ते मी केलं." मी डावीकडे स्टूल ओढून बसले.

साडेदहाला अकरा वर्षांची मुलगी आली. बरोबर वडील. बांधकामावरचे सुपरवायझर होते, बुटांवर सिमेंट होतं. गेल्या वर्षीही हीच दोघं आली होती, पण ते मला फाईलवरूनच कळलं. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.

"चला महाराणी," वडील म्हणाले, "आज सिंहासनावरून उठायचं बरं का."

मुलगी हसली नाही. रागावलीही नाही. बूट काढले आणि नीट जोडून भिंतीशी ठेवले.

"महाराणी कशाला म्हणता?" मी विचारलं. खरं तर मला उत्तर नको होतं, मी तारा सोडवत होते.

"बसून राहायची ना सारखी. गेल्या वर्षी तुम्हीच नाही का लिहून दिलं, प्रयत्न करत नाही म्हणून? तोपर्यंत आम्ही हिला फुलासारखं जपत होतो. गुडघा दुखतो म्हणाली की उचलून घ्यायचो. तुमच्या त्या कागदानं डोळे उघडले बघा." ते खुशीत होते. "तेव्हापासून लिफ्ट बंद. चौथा मजला, सकाळ-संध्याकाळ पायऱ्या. रडली तरी मी मागे उभा. आई मध्ये पडायची, तिलाही गप्प केलं. आता बघा आज काय करते ती."

मी मान हलवली. पालक बोलतात, मी मान हलवते.

त्या दिवशी काय ठरणार होतं ते मला ठाऊक होतं. फाईलवर चिठ्ठी होती. दुपारी मोठ्या मॅडमच्या बैठकीत हिचं नाव होतं. मोठ्या मॅडम म्हणजे सांध्यांच्या मुख्य डॉक्टर. रक्ताच्या तपासण्या वर्षभर स्वच्छ होत्या, आणि मुलगी मात्र गुडघा दुखतो म्हणून सांगत होती. आजही प्रयत्न अपुरा आला, तर तिचं दुखणं मनाचं धरायचं, गुडघ्याकडे लक्ष देणं थांबवायचं आणि तिला समुपदेशनाला पाठवायचं. पुरेसा आला, तर गुडघा नव्यानं नीट तपासायचा. म्हणजे सगळं माझ्या दोन चौकोनांवर येऊन ठेपलं होतं. हे नेहमीचंच आहे. याचं मला ओझंबिझं काही वाटत नाही, किंवा वाटत नव्हतं.

मुलीला टेबलावर झोपवून तिचा पाय मोजला. उजवा. आमच्याकडे सीटची उंची ठरवायला उजवाच पाय मोजतात, आणि हा नियम मी घालून दिलेला आहे. आधी कोणी डावा मोजायचं, कोणी उजवा, एका वर्षाचं माप दुसऱ्या वर्षाशी जुळायचं नाही आणि माझं डोकं फिरायचं. मी भांडून भांडून नियम करून घेतला. दारामागे तो माझ्या अक्षरात चिकटवलेला आहे.

सीट लावली, मास्क बांधला, पट्ट्यांनी पावलं पॅडलला अडकवली. वडील दाराशी उभे राहिले, हाताची घडी घालून. पहिली दोन मिनिटं हलकी असतात. मी डावीकडे बसले होते, स्क्रीनकडे बघत होते, आणि मध्येच काहीतरी खटकलं म्हणून खाली बघितलं.

डावं पॅडल खाली गेलं की मुलीची कंबर त्याच्यामागे घसरत होती. प्रत्येक फेरीला. गुडघा सरळच होत नव्हता. पाय पोहोचावा म्हणून ती अख्खी त्या बाजूला झुकत होती, टाच उचलत होती, आणि पट्टी होती म्हणून पाऊल पॅडलवर टिकत होतं. उजवीकडून बघितलं तर यातलं काही दिसलं नसतं. उजवीकडून ती व्यवस्थित सायकल चालवणारी मुलगी होती. अकरा वर्षं मी उजवीकडे बसत आले.

"थांब," मी म्हणाले.

"थांबवू नका," वडील दारातून म्हणाले, "आत्ताशी तर सुरुवात आहे."

"तुम्ही बाहेर बसा."

"मी काय..."

"बाहेर."

ते गेले. मी मास्क सैल केला. टेबलावर झोपवून आता डावा पाय मोजला. माप चांगलंच कमी भरलं. गुडघ्याखाली माझा तळहात आरामात जात होता, तोही आडवा नाही, उभा.

"सीट उंच पडत होती तुला. बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला होता.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. "मागच्या वेळी बोलले होते," ती म्हणाली. तक्रार अशी तिच्या आवाजात नव्हतीच. कोणी किती वाजले विचारावं आणि आपण सांगावं, तसं सांगितलं.

सीट तीन बोटं खाली घेतली. पंधरा मिनिटं तिला विश्रांती दिली, पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मी डाव्या बाजूलाच उभी राहिले. पॅडल जड होत गेलं. पाचव्या मिनिटाला तिचे कान लाल झाले. सातव्याला केस कपाळाला चिकटले. मी ओरडत होते, ते ओरडणं सवयीनं आपोआप होतं. आठव्या मिनिटाला ठोके एकशे ब्याऐंशी झाले. मी म्हणाले, आता थांबलीस तरी चालेल. तिनं मान हलवून नाही म्हटलं. एकशे शहाण्णवला पाय जागच्या जागी अडले आणि ती हँडलवर डोकं टेकून पडली. श्वासाचे आकडे रेघ ओलांडून केव्हाच गेले होते. दमसास आला चौतीस. धडधाकट मुलांचा चाळीसच्या आसपास असतो. संधिवात असलेल्या आणि एका पायानं लंगडत चालवणाऱ्या मुलीला चौतीस म्हणजे तिनं हातचं काही राखलेलं नव्हतं.

तिला कॉटवर निजवून मी तिची फाईल उघडली. सुजलेला सांधा कुठला ते पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. 'डावा गुडघा.' मी कधी पहिलं पान बघत नाही. माझा फॉर्म सातव्या पानावर असतो, मी तिथूनच सुरू करते. गेल्या वर्षीचा फॉर्म काढला. ठोके एकशे एक्कावन्न. दमसास एकवीस. 'प्रयत्न अपुरा' वर खूण. शेऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर होतं: 'सीटबद्दल तक्रार. सबबी सांगते.' खाली माझी सही.

पुढचं पान मोठ्या मॅडमचं होतं. 'सांधे शांत. मूल प्रयत्न टाळते. घरी हालचाल वाढवावी, लाड कमी करावेत.' त्याच्यापुढे व्यायाम शिकवणाऱ्यांची नोंद होती. गेल्या वर्षी तिचा डावा गुडघा सरळ व्हायला दहा अंश कमी पडत होता. आता बावीस.

मला रडू आलं नाही. वाटलं होतं की येईल, मी थोडा वेळ थांबूनही बघितलं.   मी 'प्रयत्न पुरेसा' वर खूण केली आणि पेन खाली ठेवला.

पेन ठेवला तेव्हा लक्षात आलं की ही खूण करून भागणार नाही. दोन फॉर्म शेजारी ठेवले तर काय दिसत होतं? गेल्या वर्षी एकवीस, प्रयत्न अपुरा. मग वर्षभर लिफ्ट बंद, पायऱ्या, रडली तरी मागे उभे. या वर्षी चौतीस, प्रयत्न पुरेसा. जो कोणी बघेल तो म्हणेल की औषध लागू पडलं. माझा आजचा बरोबर आकडा माझ्या गेल्या वर्षीच्या चुकीला शाबासकी देणार होता. गुडघा तपासतील, पण बापाचं वागणं बरोबर ठरेल, आणि मुलगी आळशी होती, आता सुधारली, हे फाईलमध्ये कायमचं बसेल.

मी काहीच केलं नसतं तरी कोणाला कळलं नसतं. हे मी इथे सांगून ठेवते, कारण विचार आला होता. पाच मिनिटं तरी तो माझ्याजवळ बसून होता.

दुपारी बैठकीत मी उभी राहिले. बैठकीत मी सहसा उभी राहत नाही, आकडे वाचून दाखवते आणि खाली मान घालून बसते.

"गेल्या वर्षीची चाचणी रद्द धरा," मी म्हणाले. "सीट चुकीची लावली होती. मी लावली होती. मुलीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मोठ्या मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. मला वाटलं, आता तासतील. मी तयारी करून आले होते, उलट उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "तशी नोंद करा. गुडघ्याचा फोटो काढू, मग इंजेक्शन आणि पट्टी बघू. पुढचं नाव कोणाचं?"

एवढ्यात आटोपलं. एका वर्षाचं काम दीड मिनिटात पुसून झालं आणि सगळ्यांनी पान उलटलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मीही असंच पान उलटत आले आहे. तरी मला त्या क्षणी असा संताप आला, की कोणीतरी मला ओरडावं म्हणून मी जागेवर तशीच उभी राहिले. शेजारच्या व्यायामवाल्या बाईंनी माझी ओढणी ओढली, तेव्हा बसले.

बापलेक बाहेर बाकावर थांबले होते. निकाल त्यांना मॅडमच्या खोलीत कळणार होता, पण मॅडम काय सांगतील ते मला माहीत होतं. 'गुडघ्यावर उपचार करू या' म्हणतील आणि गेल्या वर्षाबद्दल अवाक्षर काढणार नाहीत. लपवण्यासाठी नाही, वेळ नसतो म्हणून. मीच गेले.

मला बघून वडील उठले. "काय आला आकडा?"

"चौतीस. गेल्या वेळी एकवीस होता."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! सांगत नव्हतो? हिच्या आईला आता हा कागद दाखवतो. म्हणते, तुमच्या काळजाचा दगड झालाय. दगड नसता तर झाले असते का चौतीस?"

"गेल्या वेळचा आकडा खोटा होता," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मी सांगितलं. सीट, उजवा पाय, डावा गुडघा, मुलीनं केलेली तक्रार, मी लिहिलेला शेरा, गुडघ्याच्या दहा अंशांचे झालेले बावीस. सगळं सपाट आवाजात सांगितलं, दुसरा आवाज माझ्यापाशी नव्हता. "ती तेव्हाही टाळत नव्हती. तिचा पाय पोहोचत नव्हता. गुडघा दुखतो म्हणत होती ते खरंच होतं. चूक माझी आहे. लेखी दिली आहे."

मला वाटलं, हे आता चिडतील. चिडायला हवे होते. अंगावर धावून आले असते तरी मी मागे सरले नसते. पण ते बसले. बाकावर नीट बसलेही नाहीत, कडेला टेकले. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. घरून आणलेली हातातली फाईल त्यांनी आधी या गुडघ्यावर ठेवली, मग त्या.

 समोरून सफाईवाली बादली घेऊन गेली.

"पायऱ्या," शेवटी ते म्हणाले. "त्या पायऱ्यांनी वाढलं का? दहाचं बावीस झालं ते?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. पायऱ्यांनी झालं असेल, वर्षभर इंजेक्शन दिलं नाही म्हणून झालं असेल. दोन्ही माझ्याच कागदावरून झालेलं होतं. 'नाही हो, पायऱ्यांनी काय होतंय' असं म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना बरं वाटलं असतं. पण खोटा आकडा एकदा देऊन झाला होता.

"दोन वेळा," ते म्हणाले. "रोज. तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून बसायची. मी म्हणायचो, नाटकं बंद. शेजारचे दार उघडून बघायचे. मी म्हणायचो, बघू दे." ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि मुलीकडे तर त्यांना बघवतच नव्हतं. "एकदा ती रांगत गेली वर. मी मागे होतो. मी तिला रांगत जाऊ दिलं."

मुलगी त्यांच्या शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं होतं, आता तरी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल. 'बघा, मी सांगत होते' असं काहीतरी. तिचा तो हक्क होता. पण तिनं आधी वडिलांच्या हातांकडे बघितलं. मांडीवरची फाईल खाली सरकत होती आणि ते हात ती धरत नव्हते. तिनं फाईल काढून आपल्या मांडीवर घेतली.

"बाबा," ती म्हणाली, "पायऱ्यांवर दुखत नव्हतं. खरंच. मी उगाच रडायचे."

अकरा वर्षांची मुलगी, माझ्या डोळ्यांदेखत, अगदी शांतपणे खोटं बोलली. वर्षभर ती खरं सांगत होती आणि आम्ही मोठी माणसं, मी सगळ्यात आधी, तिला खोटं ठरवत होतो.

वडिलांनी मान वर केली. "नव्हतं दुखत?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दीर्घ श्वास सोडला, डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला.